मुलाच्या कबुलीने त्याचे अपील संपू नये: बाल न्याय समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य,
बाल न्याय समिती, मुंबई उच्च न्यायालय

सविनय नमस्कार.

मी कोकण किनाऱ्यावर वकिली करतो आणि मोफत विधी सेवेच्या पॅनेलवरून विधिसंघर्षग्रस्त बालकांची, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांची, प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे चालवतो. या पत्राचा विषय एकच आहे. मंडळापुढे एखाद्या मुलाने गुन्हा कबूल केला की त्या प्रकरणात तोवर झालेल्या कार्यपद्धतीच्या चुका वरच्या न्यायालयात नेण्याचा त्याचा हक्क व्यवहारात जवळपास संपतो, आणि तो संपला हे त्याला, त्याच्या घरच्यांना व पुष्कळदा त्याच्या वकिलालाही त्या दिवशी कळत नाही. कायदा नीट वाचला तर तो हक्क संपत नाही, असे माझे म्हणणे आहे. ते आपल्यापुढे मांडावे आणि आपल्या अधिकारात करता येण्याजोगे जे आहे ते करण्याची विनंती करावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

प्रौढ आरोपीच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 375, आणि 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 416, असे सांगते की आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवर न्यायदंडाधिकाऱ्याने वा सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, तर शिक्षा किती आहे व ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्याच मुद्द्यावर अपील करता येते. सज्ञान माणसाने विचारपूर्वक मान्य केलेली गोष्ट त्याने पुन्हा उकरून काढू नये हा त्यामागचा विचार आहे आणि तो समजण्यासारखा आहे. मुलांच्या बाबतीत मात्र 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम 101 लागू होते. मंडळाच्या आदेशाने व्यथित झालेल्या कोणत्याही व्यक्तीला ते 30 दिवसांत मंडळाच्या वरच्या बाल न्यायालयाकडे अपील करण्याचा हक्क देते, आणि त्यात कबुलीचा अपवाद कोठेही घातलेला नाही. अडचण होते ती कलम 103 मुळे. अपील आणि पुनरीक्षण (रिव्हिजन) यांच्या सुनावणीची पद्धत शक्य तितकी फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे असावी असे ते कलम म्हणते, आणि या 'शक्य तितकी'च्या फटीतून प्रौढांसाठी लिहिलेली मनाई मुलांच्या अपिलात शिरते. 'प्ली गिल्टी आहे ना, मग अपील कशाचे?' हा प्रश्न न्यायालयाने विचारण्याआधीच बार रूममधले सहकारी विचारतात, आणि पुष्कळ अपिले तिथेच विरून जातात.

मुले गुन्हा का कबूल करतात, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकांत कमी आणि एस.टी.च्या वेळापत्रकात जास्त सापडते. मंडळ बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. किनाऱ्याच्या किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतून तिथे यायचे तर पहाटेची गाडी धरावी लागते आणि मुलाबरोबर येणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. वडील मुंबईला चाकरीला, आई काजूच्या कारखान्यात, म्हणून अनेक मुलांबरोबर आजी किंवा चुलता येतो, ज्याला प्रकरणाची काही कल्पना नसते. अशा वेळी व्हरांड्यात कोणी तरी सांगते, कधी पोलीस, कधी कारकून, आणि स्पष्टच लिहायचे तर कधी आमच्यातला एखादा वकीलसुद्धा, की कबूल केलेस तर आज समज देऊन सोडतील आणि नाही केलेस तर तारखा पडत राहतील. आजीच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखे काही उरतच नाही. ती नातवाला हळूच कोपर मारते आणि नातू मान हलवतो.

उघड सौद्याला कायद्याने मुलांच्या बाबतीत बंदी घातली आहे, हे आपण जाणताच. शिक्षेच्या तडजोडीचे, म्हणजे प्ली बार्गेनिंगचे, प्रकरण 2006 मध्ये आपल्या फौजदारी कायद्यात लागू झाले तेव्हाच बालकांना त्यातून वगळले गेले, आणि नव्या संहितेच्या कलम 300 मध्ये ती वगळणूक कायम आहे. त्याही आधी, 1980 मध्ये, कासमभाई अब्दुलरहमानभाई शेख यांच्या गुजरातमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा तडजोडीतून आलेली दोषसिद्धी रद्द केली होती, आणि लांबलचक खटल्याला सामोरे जाण्यापेक्षा किरकोळ शिक्षा बरी म्हणून निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करील, ही भीती त्या निर्णयात नोंदवली होती. प्रौढांबद्दल जी भीती न्यायालयाला वाटली, ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल किती तरी जास्त खरी आहे. कागदावर सौदा नाही म्हणून तो झालाच नाही, असे आपण धरून चालतो, एवढेच.

आता कबुली नोंदवली कशी जाते ते पाहू. मंडळाच्या चौकशीत शक्य तितकी पाळायची असते त्या समन्स खटल्याच्या पद्धतीत, म्हणजे नव्या संहितेच्या कलम 274 आणि 275 नुसार, आरोपाचा तपशील समजावून सांगायचा, गुन्हा कबूल आहे की काही बचाव आहे ते विचारायचे, आणि कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यायची असते; त्यानंतरही तिच्यावर दोषी ठरवणे बंधनकारक नसून ते न्यायदंडाधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेले आहे. महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या 1966 च्या निर्णयसंग्रहात छापलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या 1898 च्या संहितेतील, कबुली आरोपीच्या शब्दांत लिहून घेण्याच्या अशाच तरतुदीबद्दल ती बंधनकारक आहे असे सांगितले, आणि त्याचे जे कारण दिले ते या पत्राच्या विषयाला थेट भिडणारे आहे: आरोपीचा अपिलाचा हक्क त्याने गुन्हा कबूल केला की नाही यावर अवलंबून असतो, म्हणून गैरसमजाला जागा राहू नये यासाठी त्याचे शब्द जसेच्या तसे हवेत. एवढे स्पष्ट असूनही आमच्याकडच्या रोजनाम्यांत, म्हणजे कामकाजाच्या रोजच्या नोंदींत, 'आरोप वाचून व समजावून सांगितला, गुन्हा कबूल' ही ठरावीक ओळ दिसते, आणि प्रकरणागणिक तिच्यात एक अक्षरही बदलत नाही.

समुद्रकाठच्या गावातला मुलगा मंडळापुढे प्रत्यक्षात काय बोलतो? बागेतून आंब्याच्या पेट्या गेल्या, किंवा बंदरावरच्या होडीतून जाळे आणि डिझेलचा कॅन गेला, अशा प्रकरणांत मी ऐकलेली उत्तरे साधारण अशी असतात: 'होय, मी त्येंच्यावांगडा गेल्लंय, पण मी काय घेवक नाय.' हे वाक्य कबुलीचे नाही. त्यात हजर असल्याचे मान्य केले आहे आणि चोरी नाकारली आहे. कोणताही वकील त्यातून बचाव उभा करील. पण 'होय' एवढाच शब्द टेबलापर्यंत पोचतो आणि 'गुन्हा कबूल' लिहिले जाते. मालवणी निदान मंडळातल्या सगळ्यांना कळते. मच्छीमार नौकांवर आणि आंब्याच्या बागांत राबणाऱ्या नेपाळी कुटुंबांतील मुलांचे काय होते, ते सांगायला नको. गरज असेल तेथे दुभाषा देणे ही मंडळाचीच जबाबदारी आहे असे अधिनियमाच्या कलम 8 मध्ये लिहिलेले आहे. तरी अशा मुलाचा दुभाषा म्हणून बागमालक किंवा नौकेचा प्रमुख म्हणजे तांडेल उभा राहिलेला मी पाहिला आहे, आणि कित्येकदा तोच तक्रारदार असतो.

ही कबुली एकदा नोंदवली गेली की तिच्याखाली काय काय गाडले जाते, ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. ताब्यात घेतलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मंडळापुढे हजर करायचे असते. त्याला कोठडीत ठेवायचे नसते. 2016 च्या आदर्श नियमांनुसार त्याच्यावर कबुलीसाठी दबाव आणायचा नसतो आणि कोणत्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नसते. पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) कळवायचे असते. विधी सेवेचा वकील मिळेल हे मंडळाने पाहायचे असते. चौकशीच्या सुरुवातीलाच पोलिसांनी मुलाला काही त्रास दिला नाही ना, याची मंडळाने खात्री करून घ्यायची असते. परिविक्षा अधिकाऱ्याचा मुलाच्या परिस्थितीविषयीचा सामाजिक तपासणी अहवाल 15 दिवसांत यायचा असतो. यांपैकी काहीही चुकले तरी ते अपिलात दाखवण्यासाठी कागद लागतो. एरवी साक्षीपुरावा होतो, तेव्हा पोलीस अंमलदाराच्या उलटतपासणीतून मुलाला किती वाजता उचलले, कोठे बसवले, आजीला केव्हा कळवले, हे बाहेर येते. कबुलीच्या प्रकरणात साक्षीदार तपासलाच जात नाही. अपील न्यायालयापुढे येतो तो एका पानाचा आदेश आणि रोजनाम्यातल्या दोन ओळी, आणि त्यांत चूक दिसत नाही म्हणून चूक झालीच नाही असे ठरते.

त्यातूनही एखादी चूक कागदावर राहून गेलीच, तर नव्या संहितेचे कलम 511 उभे राहते. कार्यपद्धतीतल्या चुकीमुळे न्यायच हुकला असेल तरच निर्णय उलटवावा, असे ते सांगते, आणि तो हुकला का हे ठरवताना हरकत आधीच घेता आली असती का व घ्यायला हवी होती का, याचाही विचार करायला लावते. पहिल्या तारखेला, वकिलाशी पाच मिनिटेही न बोललेल्या मुलाने 'माझ्यापुढे सामाजिक तपासणी अहवाल नाही' अशी हरकत घ्यायला हवी होती, असा याचा अर्थ कोणी लावणार नाही हे मला ठाऊक आहे. पण कबूल केलेल्या मुलाच्या बाबतीत न्याय हुकलाच कसा, हा प्रश्न मात्र विचारला जातो, आणि त्याच्या मागे उत्तर आधीच गृहीत धरलेले असते.

याच ठिकाणी आणखी एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाला नव्याने सुरुवात करता यावी म्हणून अधिनियमाच्या कलम 24 ने अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा नियमांत ठरवलेल्या काळानंतर, प्रकरणाचा अभिलेख नष्ट करायला सांगितले आहे. ही तरतूद दयाळू आहे आणि तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. तरीही मुलाचा दोष जिथे लिहिला आहे त्याच कागदावर त्याच्यावर झालेला अन्यायही लिहिलेला असतो, आणि वेळेत अपील झाले नाही तर दोन्ही एकाच गठ्ठ्यात जातात. मंडळांपुढे कबुल्या कशा घेतल्या जातात याचा मागोवा कोणाला घ्यायचाच असेल तर तो वेळेत घ्यावा लागेल.

आता कायद्याच्या अर्थाबद्दल. अधिनियमाच्या कलम 18 खालचे सगळे आदेश, समज देण्यापासून विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवण्यापर्यंत, मंडळाची चौकशीअंती खात्री झाली तरच देता येतात. केवळ कबुली ही चौकशी नव्हे. कबुलीनंतरही मंडळाने पोलिसांचे कागद आणि सामाजिक तपासणी अहवाल पाहून स्वतःची खात्री करून घेणे भाग आहे, आणि ती खात्री बरोबर होती का हा प्रश्न अपिलात खुला राहतो. नव्या संहितेच्या कलम 416 ची मनाई ज्या दोन गोष्टींवर उभी आहे, कबुलीवरून झालेली दोषसिद्धी आणि तिच्यावरून झालेली शिक्षा, त्या दोन्ही मंडळापुढे त्या रूपात घडतच नाहीत. शिवाय अधिनियमाच्या कलम 3 मधील तत्त्वे केवळ शोभेची नाहीत. त्यातले एक तत्त्व असे की बालकाच्या कोणत्याही हक्काचा त्याग, तो बालकाने मागितलेला असो, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी मागितलेला असो वा मंडळाने, अनुज्ञेयही नाही आणि वैधही नाही. दुसरे असे की न्यायिक नात्याने काम करणाऱ्या प्रत्येकाने न्याय्य सुनावणीचा आणि पुनर्विलोकनाचा हक्क पाळला पाहिजे. हक्क सोडणेच वैध नसेल, तर 'होय' म्हटल्याने अपिलाचा हक्क सुटला असे म्हणायला आधार उरत नाही. भारताने 1992 मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद 40 मध्येही कबुलीची सक्ती न होण्याचा हक्क आणि दोषी धरले गेल्यास वरिष्ठ प्राधिकरणाकडून फेरविचार होण्याचा हक्क हे एकापुढे एक दिलेले आहेत.

आमच्या भागात जमिनीच्या कागदांची सवय सगळ्यांना असते, म्हणून एक साधे उदाहरण देतो. सातबारावर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) लिहून पालकाचे नाव येते, आणि त्या मुलाच्या स्वतःच्या मालकीची जमीन विकायची झाली तर 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे पालकाला आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. दोन गुंठे कातळासाठी कायदा पालकाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही आणि मुलाच्या संमतीला किंमत देत नाही. त्याच मुलाचा अपिलाचा हक्क मात्र आजीच्या कोपराने जातो.

पालकांचा उल्लेख झालाच आहे, तर मोटारसायकलच्या प्रकरणांकडे समितीचे लक्ष वेधतो, कारण किनाऱ्यावर पर्यटनाच्या हंगामात ती वाढतात आणि सर्वांत निष्काळजीपणे कबुल्या घेतल्या जातात त्या तिथेच. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी मानले जाते, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत चालक परवाना मिळत नाही. ज्या गावात रिक्षा, टेम्पो किंवा पर्यटकांची गाडी चालवणे हाच बारावीनंतरचा मोठा रोजगार आहे, तिथे सात-आठ वर्षे परवाना न मिळणे ही समज देऊन सोडण्याइतकी हलकी गोष्ट नाही. बाल न्याय अधिनियमाचे कलम 24 अशी अपात्रता पुसून टाकते की मोटार वाहन कायद्याची तरतूद तिच्यावर मात करते, हा खरोखरच वादाचा प्रश्न आहे आणि तो कोणी अपिलात नेल्याशिवाय सुटणार नाही. शिवाय या प्रकरणांत मुलाच्या शेजारी उभा असलेला पालक स्वतःच त्याच घटनेतला संभाव्य आरोपी असतो. त्याचे हित आणि मुलाचे हित एक नसते, तरी मुलाने काय बोलावे हे ठरवतो तोच.

प्रतिवाद मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. मंडळावर काम केलेले काही ज्येष्ठ लोक मला सांगतात की कबुली ही सुधारणेची पहिली पायरी आहे; चूक मान्य करणाऱ्या मुलाला महिनोन्महिने चौकशीत अडकवून ठेवण्यापेक्षा त्याला लवकर शाळेत परत पाठवणे त्याच्याच भल्याचे आहे; आणि कबुलीनंतरही अपिले होऊ लागली तर मंडळे सावध होऊन प्रत्येक प्रकरण ओढत बसतील. यातला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ज्याने केले आहे त्याने केले म्हणावे, ज्याचे नुकसान झाले त्याच्यापुढे म्हणावे, समुपदेशकाशी बोलावे. मात्र सुधारणेसाठी घेतलेली कबुली आणि हक्क संपवणारी कबुली या दोन गोष्टी एकाच वाक्यात उरकल्या जातात, याला माझी हरकत आहे. दुसऱ्या मुद्द्याला अधिनियमानेच उत्तर दिले आहे: चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवायची, आणि किरकोळ गुन्ह्यात तरीही ती अपुरी राहिली तर प्रकरणच संपुष्टात येते. म्हणजे तारखांची भीती घालून घेतलेली कबुली ही बहुधा कायद्याने आधीच मर्यादा घातलेल्या भीतीपोटी दिलेली असते. किरकोळ प्रकरणात कबुली न देणाऱ्या मुलाचे प्रकरण कदाचित आपोआप संपले असते, हे त्याला व्हरांड्यात कोणी सांगत नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात 1964 मध्ये जेराल्ड गॉल्ट या 15 वर्षांच्या मुलाला फोनवर अश्लील बोलल्याच्या तक्रारीवरून वकिलाशिवाय न्यायाधीशापुढे उभे केले गेले. तिथे त्याने नेमके किती कबूल केले याबद्दल नंतर एकमत झाले नाही, कारण कामकाजाची नोंदच ठेवली नव्हती. प्रौढाला त्या गुन्ह्यासाठी 5 ते 50 डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. गॉल्टला सज्ञान होईपर्यंत सुधारगृहात पाठवण्यात आले. त्या राज्यात बालकांच्या प्रकरणांत अपीलच नव्हते, म्हणून आई-वडिलांना देहोपस्थितीच्या (हेबियस कॉर्पसच्या), म्हणजे बेकायदा ताब्यातून सोडवण्याच्या, अर्जाचा मार्ग धरावा लागला, आणि नोंद नसल्यामुळे त्या अर्जाच्या सुनावणीत खुद्द न्यायाधीशालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून काय घडले ते आठवून सांगावे लागले. 1967 च्या निकालात त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलाचा, आरोपाच्या सूचनेचा, उलटतपासणीचा आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क मुलांना दिला. अपिलाच्या आणि कामकाजाच्या नोंदीच्या हक्काबद्दल मात्र निर्णय देण्याचे टाळले. त्याच देशातील पेन्सिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत 2003 ते 2008 या काळात मोठ्या संख्येने मुलांना वकिलाशिवाय उभे करून दोषी ठरवण्यात आले, आणि 2009 मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हजारो प्रकरणे एकदम रद्द करावी लागली. मुलांच्या प्रकरणांत वरच्या न्यायालयाचा नेहमीचा रस्ता वापरातच नसेल, तर खालची चूक वर्षानुवर्षे चालू राहते आणि बाहेर येते तेव्हा हजारांनी येते.

आपल्याकडे गॉल्टसारखी वेळ यायचे कारण नाही, कारण आपला अधिनियम त्या निकालापेक्षा पुढे आहे. विधी सेवेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्येच सुक दास यांच्या प्रकरणात सांगितले आहे की आरोपीने मागितला नाही म्हणून त्याला वकील न देता चालवलेला खटला टिकत नाही. अडते ते अंमलात, आणि तो सुधारणे समितीच्या हातात आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे की समितीने राज्यातील मंडळांना सूचना द्यावी की मुलाने आपल्या वकिलाशी, पालक बाजूला ठेवून, एकदा तरी बोलल्याशिवाय त्याची कबुली नोंदवू नये, आणि शक्यतो पहिल्या तारखेला तर नोंदवूच नये. प्रश्न आणि उत्तर दोन्ही मुलाच्या बोलीत, जसेच्या तसे लिहावेत. दुभाषा लागला तर तो तक्रारदाराशी संबंध नसलेला असावा आणि त्याचे नाव रोजनाम्यात यावे. कबुलीनंतर दिलेल्या आदेशात मंडळाची खात्री कोणत्या कागदांवरून झाली ते दोन वाक्यांत लिहिले जावे. आदेशाची नक्कल मुलाला आणि पालकाला त्याच दिवशी विनामूल्य मिळावी आणि तिच्यावर ठळकपणे छापलेले असावे की या आदेशाविरुद्ध कलम 101 खाली 30 दिवसांत अपील करता येते. विधी सेवेच्या वकिलाची नेमणूक आदेशाच्या दिवशी न संपता अपिलाच्या मुदतीपर्यंत चालू राहावी. सध्या नेमके याच 30 दिवसांत मुलाला वकील नसतो, आणि पॅनेलवरच्या वकिलाला त्या काळातल्या कामाचे मानधन मिळत नाही, हे व्यवहारातले साधे कारण आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

बाल न्यायालयांसाठी वेगळी सूचना हवी. कबुलीवरून झालेल्या आदेशाविरुद्धचे अपील कलम 416 चा दाखला देऊन दाखल करतानाच परत करू नये. कबुली कायद्याप्रमाणे घेतली गेली का, हा प्रश्न तरी गुणवत्तेवर ऐकला जावा. विलंब माफ करण्याचा अधिकार कलम 101 मध्येच आहे, आणि नक्कल उशिरा मिळाली किंवा वडील मुंबईहून गणपतीला आले तेव्हाच घरात प्रकरण कळले, ही कारणे आमच्या भागात पुरेशी मानली जावीत.

शेवटची विनंती कलम 102 बद्दल. मंडळाच्या कोणत्याही कामकाजाचा अभिलेख स्वतःहून मागवून त्याची वैधता तपासण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, आणि त्यासाठी मुलाने अर्ज करण्याचीही गरज नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेले आहेत. घाट चढला की उच्च न्यायालय, इतके ते जवळ आले आहे. रायगडसाठी मुंबई आहेच. या तिन्ही जिल्ह्यांतील मंडळांनी दर तिमाहीत केवळ कबुलीवरून निकाली काढलेल्या प्रकरणांची यादी, मुलांची नावे वगळून, जिल्ह्याच्या पालक न्यायमूर्तींकडे, म्हणजे त्या जिल्ह्याच्या न्यायालयीन कामावर देखरेख करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे, पाठवावी, आणि त्यातून काही प्रकरणांचे मूळ रोजनामे मागवून पाहिले जावेत. तोपर्यंत त्या यादीतील प्रकरणांचा अभिलेख नष्ट करू नये, असा आदेश त्याबरोबरच निघावा.

कळावे,
आपला विश्वासू,
विधी सेवेच्या पॅनेलवरील एक वकील
कोकण